फायबरचा सबवूफर बॉक्स केलाय, प्राइमर मारला की लाटा दिसतात. फिनिशिंग कसं करायचं?

स्विफ्ट_सातारा:
नमस्कार मंडळी. स्विफ्टच्या डिकीत डाव्या कोपऱ्यात चाकाच्या उंचवट्यामागे जी मोकळी खोबण असते तिथे बसेल असा 10 इंची सबचा सील्ड बॉक्स घरीच करतोय, साधारण 20 लिटरचा. मागची बाजू गाडीतच टेप चिकटवून त्यावर फायबर मॅट (काचेच्या तंतूंची चटई) मारून काढली, पुढे 18 एमएम एमडीएफची रिंग पट्ट्यांवर उभी केली, त्यावर फ्लीसचं कापड ताणून बसवलं, स्टेपल मारले आणि जीपी रेझिन (फायबरकामाचं साधं पॉलिएस्टर रेझिन) पाजलं. आतून 450 ची मॅट (चौरस मीटरला 450 ग्रॅमवाली) दोन थर. इथपर्यंत झकास होतं, घरच्यांनी ‘हे काय, न्हाणीतली घंगाळ का’ विचारलं ते सोडून द्या.

आता खरं दुखणं. वरून लांबी (खड्डे भरायची गाडीची पुट्टी) मारतो, 80 नंबरच्या पेपरने घासतो, परत मारतो, परत घासतो, हात फिरवला की मस्त गुळगुळीत लागतं आणि करड्या प्राइमरचा एक हात मारला की सगळं उघडं पडतं, लाटाच लाटा, त्यात सुईच्या टोकाएवढी भोकं शेकड्याने, आणि रिंगच्या कडेने एक बारीक केसासारखी रेघ गोल फिरलेली दिसते जी भरली तरी परत येते. मला ग्लॉस काळा रंग मारायचाय. इथल्या एका पेंटरला दाखवलं तर म्हणाला फायबरला असंच होणार, साहेब, मॅट म्हणजे बिनचमकीचा रंग मारा. खरंच असंच असतं का? घासायला मी रँडम ऑर्बिटल मशीन वापरतोय, लांबी साधी दोन डब्यांवाली गॅरेजची. पावसाळा तोंडावर आलाय, त्याआधी उरकायचंय.

उद्यमनगर_पेंटर:
भावा, आधी ते मशीन बाजूला ठेव. त्या लाटा फायबरच्या नाहीत, तुझ्या मशीनच्या आहेत.

बघ कसं होतं. रेझिन लय टणक, लांबी त्यापुढं मऊ. कापडावर रेझिन सुकताना कुठं थेंब जमतो, कुठं घडी राहते, ते उंचवटे टणक. तू त्याच्यावरनं लांबी मारलीस आणि मऊ पॅडचं मशीन फिरवलंस की मशीन उंचवट्यावर अडतं आणि बाजूची मऊ लांबी खाऊन टाकतं. म्हणजे प्रत्येक उंचवट्याशेजारी तू स्वतःच खड्डा पाडतोयस. मग तो भरायला परत लांबी, परत तेच. जन्मभर घासत बसलास तरी संपायचं नाही.

म्हणून उंचवटे आधी उडवायचे, लांबीचा डबा उघडायच्या आधी. ग्राइंडरला 60 चा फ्लॅप डिस्क लाव, हलक्या हातानं, आणि जिथं रेझिन चमकतंय तिथं सगळीकडची चमक मारून टाक. चमक राहिली तर लांबी धरत पण नाही, नंतर पापुद्रा सुटतो. कापड दिसायला लागलं तर थांब, आत मॅट आहे म्हणालास म्हणून भीती नाही, पण भोक पाडू नको.

मग लांबी एकदाच सगळ्या अंगावर मारायची. खड्ड्यात टिकल्या लावत बसायचं नाही, टिकल्या लावल्या की टिकल्यांच्या लाटा. लांबी ओढायची रुंद पत्ती घे. गोल भागाला पत्ती वळत नाही तिथं जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलचं कव्हर कापून घे, ते मस्त वाकतं. लांबी अर्धवट सुकली, नखानं दाबली तर रबरासारखी लागते त्या टायमाला खरवडणी किंवा दातेरी कानस फिरव, ढिगानं निघून जाते आणि पेपरचे पैसे वाचतात. हा टाइम दहापंधरा मिनिटांचाच असतो, चुकला तर मग घास बसून.

पुढचं सगळं लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. सपाट भागाला वीतभर तरी लांब ठोकळा पाहिजे. आतल्या वळणाला पाण्याच्या पाइपाचा तुकडा घे, त्यावर पेपर लाव. बोटांनी घासायचं नाही, बोटांच्या चार वाटा उमटतात. आणि घासताना एकाच दिशेनं नको, तिरकं असं, मग उलट तिरकं. 80 नं आकार काढायचा. 120, 180 नं फक्त 80 चे ओरखडे काढायचे, आकार नाही काढायचा.

आणि हातावर विश्वास ठेवू नको. गाइड कोट मार, म्हणजे काळ्या स्प्रेच्या कॅनचा लांबून नुसता धुरळा उडवायचा, आणि ठोकळ्यानं दोन हात घासून बघायचं. काळं राहिलं तिथं खड्डा, भसकन पांढरं पडलं तिथं उंच. हे न करता घासणारा अंदाजानं घासतोय. अंधारात मोबाईलची टॉर्च अंगाला चिकटवून आडवी धर, सगळ्या लाटा सावलीसकट दिसतात.

पिनहोलचं, म्हणजे त्या बारीक भोकांचं सांगतो. तू लांबी डब्यात किंवा वाटीत घोटतोयस का? घोटली की हवा शिरते, तीच हवा घासल्यावर भोक म्हणून बाहेर येते. सपाट पत्र्यावर घे आणि पत्तीनं दाबून दाबून पसरव, गोळा कर, परत दाब. हार्डनर 100 ग्रॅमला 2 ग्रॅम, बस्स. लवकर सुकावी म्हणून दाबून ट्यूब पिळणारे लय बघितलेत. जादा हार्डनर आत न वापरता तसाच राहतो आणि रंग मारल्यावर डाग होऊन वर येतो.

होडीवाला_मालवण:
वर पेंटरदादांनी जे लिहिलंय ते सोळा आणे, पण ती रिंगच्या कडेची रेघ लांबीची नाही, ती बॉक्सची आहे. दोन थर 450 म्हणजे जेमतेम दोन एमएम, अधिक कापड. हे हलतंय. आमच्याकडे होड्यांना फायबर मारतात तिथे पहिली तपासणी हीच, अंगठ्याने दाबायचं आणि मुठीने ठोकायचं. दबलं तर वरून काहीही मारा, तडा येणारच, कारण लांबी वाकत नाही.

स्विफ्टवाले, रिंगपासून चार बोटं लांब अंगठा दाबून बघ आणि इथे सांग. घाई करू नको रे.

स्विफ्ट_सातारा:
दाबलं. रिंगच्या खालच्या बाजूला किंचित दबतंय, आणि मुठीने ठोकलं तर तिथे डबडब असा पोकळ आवाज येतो, वरच्या बाजूला टक्क असा येतो. म्हणजे आतून अजून मॅट? सब बसवायच्या भोकातून हात जातो, पण आत घातलेलं मॅट वाढलं तर लिटरचं गणित बिघडणार ना?

होडीवाला_मालवण:
नाही बिघडत. 450 चा एक थर हाताने मारला तर साधारण एक एमएम होतो. तुझ्या पुढच्या तोंडाचं क्षेत्र किती असेल, 0.4 चौरस मीटर धरू. चार थर वाढवलेस तर चार एमएम, म्हणजे आतले दीडेक लिटर गेले, 20 मधून. सील्ड बॉक्सला त्याने काही आभाळ कोसळत नाही, आणि हलणारा बॉक्स जेवढा बास खातो त्यापेक्षा हे परवडलं. मॅट सातशे ग्रॅमच्या आसपास लागेल, रेझिन त्याच्या अडीचपट धर, म्हणजे पावणेदोन किलो.

पण चारही एकदम मारू नको. दोन मार, गरम होऊन थंड होऊ दे, मग पुढचे दोन. एकदम जाड केलं की रेझिन आतून तापतं आणि पुढचं तोंड ओढलं जाऊन वाकडं होतं, मग वरची घासाघाशी सगळी फुकट. आतली जुनी बाजू आधी 60 ने खरवडायची आणि ॲसिटोनच्या फडक्याने पुसायची. मॅट कापू नको, हाताने फाड, फाटलेली कड विरळ होते आणि कोपऱ्यात नीट बसते.

रिंग आणि कापड जिथे भेटतात त्या खाचेत मॅट बसत नाही, तिथेच हवा राहते आणि तिथूनच तुझी रेघ. तिथे रेझिन आणि लांबी निम्मेनिम्मे कालवून पातळ करून आतून ओतायची आणि बॉक्स गोल फिरवत त्या खाचेत जिरवायची. दोघांचं हार्डनर वेगळं असतं हे ध्यानात ठेव, रेझिनला त्याचं पाण्यासारखं, लांबीला तिची पेस्ट, आणि दोन्ही आपापल्या मापाने घालायची. थोडी थोडी कर, हे मिश्रण भांड्यात राहिलं तर डबा हातात धरवत नाही एवढा तापतो.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. तुझं रेझिन कोबाल्ट (रेझिन लवकर पकडावं म्हणून घालतात ते) आधीच घातलेलं आहे की कोबाल्टची बाटली वेगळी दिलीय? वेगळी असेल तर आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, नीट ढवळायचं, आणि त्यानंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचं नाही, भडका उडतो. एकाच मापाच्या झाकणाने दोन्ही मोजणारे लोक असतात, तेही करू नको. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवूच नको.

डिकीतला_डीजे_ठाणे:
मी वेगळं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. डिकीत ग्लॉस काळा कशाला मारताय राव? काळ्या ग्लॉसइतका चुगलखोर रंग दुसरा नाही, एक एमएमची लाट पण दाखवतो, आणि गावाला जाताना तांदळाची पिशवी आणि बॅगा त्यावर घासल्या की सहा महिन्यांत जाळी जाळी. मी इन्स्टॉलेशनच करतो, गिऱ्हाईक ग्लॉस मागतं, मी कार्पेटवर आणतो आणि गिऱ्हाईक खूश असतं.

चारही बाजूंना ताणणारं कार्पेट घ्या, साधं घेऊ नका, साधं गोल भागावर चुण्या टाकतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवर मीटरवर मिळतं. बॉक्स 80 ने घासून बस्स, पिनहोल बुजवायची गरजच नाही. फेविकॉलचं एसआर 998 किंवा तसलंच रबरी सोल्यूशन दोन्ही अंगांना लावायचं, बोटाला चिकटायचं थांबलं की मग चिकटवायचं. मधून सुरुवात करायची आणि हवा बाहेर काढत कडेला यायचं. रिंगच्या आत एक इंच दुमडायचं, वरून सब बसला की कड झाकली जाते. हिटगन हलकी.

रेग्झीन मात्र कार्पेटसारखं माफ करत नाही, त्याखाली खडा असला तरी दिसतो, म्हणजे रेग्झीनला 180 पर्यंत घासकाम आलंच.

उद्यमनगर_पेंटर:
कार्पेट मारणं म्हणजे पेंटरनं हात टेकणं हो. पोरानं एवढा घाम गाळून आकार काढलाय, तो पोत्यात घालू का? त्याला ग्लॉस पाहिजे तर ग्लॉसच होणार. एवढं मात्र खरं की डिकी सामानानं लोड झाली तर ओरखडे पडणार, मग वरनं एक पातळ जाळी नाहीतर कव्हर ठेव.

क्यूसी_नाशिक:
दादा, मी एफआरपीच्या (फायबरच्या वस्तूंच्या) कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणीला आहे, दोन गोष्टी राहिल्यात म्हणून लिहिते.

पहिली, सुकणं आणि पूर्ण पिकणं यात फरक आहे. पॉलिएस्टर रेझिन हाताला टणक लागलं तरी आतून पुढे बरेच दिवस आकसत असतं. आज घासून आरसा केलात, उद्या रंग मारलात, तर महिन्याभराने उन्हात गाडी उभी राहिल्यावर रंगातून मॅटची आणि कापडाची जाळी वर उमटलेली दिसते. पेंटर चुकीचं करत नाहीत, पण गिऱ्हाईक घाईत असतं. सगळं आतलं मॅटकाम झालं की बॉक्स तीनचार दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा बंद गाडीतच राहू द्या, जेवढं आकसायचंय तेवढं आधीच आकसू दे, आणि त्यानंतर शेवटची लांबी आणि प्राइमर. पाऊस यायच्या आधी निदान एवढं उरकाच, दमट हवेत आणि गारव्यात रेझिन अर्धवट राहतं.

वरून चिकट लागत असेल तर घाबरू नका, जीपी रेझिनचा हवेला लागलेला वरचा थर मेण न घातल्यास चिकटच राहतो. नख रुतत नसेल आणि नुसती वरवर चिकचिक असेल तर ॲसिटोनने पुसा आणि घासा. नख रुतलं तर ते कच्चंच आहे, त्यावर लांबी मारू नका, खरवडून काढायला लागेल.

दुसरी गोष्ट, उघड्या लांबीला वॉटर पेपर लावू नका. लांबीत टाल्क (शंखजिऱ्याची पूड) असतं, ते पाणी पिऊन बसतं आणि ते पाणी रंगाखाली फोड होऊन बाहेर येतं. लांबी कोरडीच घासायची, पाणी थेट टू-के (हार्डनर घालून मारायच्या) प्राइमरवरच. एमडीएफच्या रिंगचंही तेच, तिची उघडी कड रेझिनने पाजून बंद करा, नाहीतर ओलीने फुगेल आणि तुमची ती रेघ तिसऱ्या कारणाने परत येईल.

आणि प्लीज, ती धूळ. घासलेलं फायबर म्हणजे काचेची कुसळं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाला टेप, चांगला एन95 मास्क, काम बाहेर अंगणात, आणि ते कपडे घरातल्या कपड्यांबरोबर मशीनला टाकू नका, घरात लहान मूल असेल तर खास करून. रेझिनच्या वासाला एन95 चालत नाही, त्याला कार्बनचं काडतूस असलेला मास्क लागतो. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तो फवारताना रुमाल बांधून उभं राहणं म्हणजे दमा घरी आणणं. शेवटचा रंग बूथ (रंग फवारायची बंद खोली) असलेल्या पेंटरकडून मारून घ्या, घासकाम तुम्ही करा, पैसे तिथेच वाचतात.

स्विफ्ट_सातारा:
बाप रे, एवढं सगळं. कोबाल्टची बाटली वेगळीच आहे आणि हो, एकाच खोक्यात होती, आता वेगळी केली. आजच आतून 60 ने खरवडायला घेतलंय, कोपऱ्यात हात पोचत नाही तिथे काठीला पेपर गुंडाळून चाललंय. मॅट नि ओतायचं काम शनिवारी, मग बॉक्स गच्चीवर उन्हात.

एक राहिलं. पिनहोल बुजवायला दुकानदाराने एनसी पुट्टी दिलीय, ट्यूबमधली, हार्डनर नसलेली. ती चालेल का? आणि प्राइमरनंतर कुठपर्यंत घासू?

उद्यमनगर_पेंटर:
ती ट्यूब परत दे, नाहीतर ठेव दुसऱ्या कशाला. एनसी नुसती थिनर उडून सुकते, म्हणजे भरली तेवढी राहत नाही, खाली बसते. वरनं टू-के मारला की त्याच्या थिनरनं ती परत मऊ होते आणि बरोबर तिथं गोल डाग उमटतो. दोन भागांवाली फाइन पुट्टी घे, लांबीपेक्षा पातळ असते, पत्ती जवळजवळ उभी धरून दाबून ओढायची म्हणजे भोकात जाते. भोकात आधीची धूळ बसलेली असते ती हवा मारून काढ, नाहीतर पुट्टी वरनं झाकण लावते आणि प्राइमर ओढला की झाकण उडतं. भोकं लयच असतील तर स्प्रे पुट्टी मारून घे, गनला मोठा नोझल लागतो, पेंटरकडं असतो.

घासायचं असं, फाइन पुट्टी 180 नं, मग 240 वर आण. टू-के प्राइमर दोन-तीन हात, रात्रभर सोड. मग परत गाइड कोट, आणि ठोकळ्यावरच 400 वॉटर पेपर. काळं सगळं गेलं म्हणजे सपाट झालं. कुठं प्राइमर फाटून खालची लांबी दिसली तर तिथं नुसती टिकली मारायची नाही, तेवढ्या सगळ्या अंगावर परत प्राइमर, नाहीतर त्या कडेचा नकाशा रंगातून दिसतो. शेवटी 600, काळ्या ग्लॉसला 800. मग पाण्यानं ओलं करून उन्हात तिरकं बघ. ओलं असताना जे दिसतं तेच ग्लॉस मारल्यावर दिसणार, तिथं लाट दिसली तर पेंटरकडं न्यायच्या आधी परत 400.

आणि सब जिथं बसतो त्या रिंगच्या तोंडावर लांबी नको, टेप लावून ठेव. तिथं स्क्रू आवळले की लांबी चिरते आणि हवा गळायला लागते.

डिकीतला_डीजे_ठाणे:
ग्लॉस झाल्यावर फोटो टाका. आणि वरून पातळ कार्पेटचं कव्हर लागलं तर सांगा, उरलेला तुकडा आहे माझ्याकडे, फुकट देतो. पेंटरदादांना सांगू नका.